एक पाते, एक वाटी पाणी

आपल्या मराठी भाषेत वजनाला फार मान आहे. गावात ज्याचा शब्द चालतो तो माणूस वजनदार. सणासुदीला नेसावयाचे लुगडे भारी. आणि ज्याच्या मनाचा भरवसा धरता येत नाही तो मात्र हलक्या मनाचा. तांदूळ निकृष्ट असला की तो हलक्या प्रतीचा, काम कमी मानाचे असले की ते हलके काम. माणसांनाही हाच शब्द लावून आपल्या समाजाने शतकानुशतके केवढे पाप केले आहे, ते आम्ही वाचकांना सांगावयास नको. अशा भाषेत वाढलेल्या माणसाच्या हाती एखादी खरोखरीच हलकी वस्तू आली, की तिच्याविषयी त्याचे मत आधीच ठरून गेलेले असते. काही महिन्यांपूर्वी आमच्या हाती असाच एक हलका वस्तरा आला. त्याने आमचे ठरलेले मत थोडे हलवले, म्हणून हे चार शब्द. कौटुंबिक पत्रात दाढीच्या सामानाची चर्चा कशाला, असे भगिनींना वाटेल; परंतु त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, कारण हा विषय केवळ पुरुषांपुरता उरत नाही.

सेमिनरीत दाखल होताना वडिलांनी आम्हांस आपला जुना पितळी सेफ्टी रेझर दिला होता. त्याचे पाते दुधारी. मूठ चांगली जड. वीस-पंचवीस वर्षे त्याने आमची चाकरी केली. पुढे मुठीचे आटे झिजले आणि डोके डुगडुगू लागले. ज्या बागली गावी आम्ही सध्या राहतो, ते मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याचे तालुक्याचे ठिकाण. पवारांच्या कारकिर्दीपासून देवास आणि धार येथे मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, त्यामुळे या मुलुखात मराठी शब्द अगदीच परका नाही. तथापि पितळी रेझराचे आटे पाडून देणारा कारागीर आम्हांस येथे मिळाला नाही. तेव्हा बाजारातील एका किराणा दुकानात गेलो. दुकानदाराच्या मुलाने दोरीला टांगलेल्या पाकिटांच्या माळेतून एक पाकीट तोडून हाती ठेवले. त्यावर नाव होते ‘जिलेट गार्ड’.

पहिली भावना निराशेची झाली, हे स्पष्टच सांगतो. वस्तू हातात आहे की नाही, असा संशय यावा इतकी ती हलकी. सगळा प्लास्टिकचा कारभार. लहान मुलांच्या भातुकलीत शोभावे असे रूप. नीट निरखून पाहिले तेव्हा मात्र काही गोष्टी ध्यानी आल्या. पाते एकच, आणि धारही एकाच बाजूस. पात्यापुढे कंगव्यासारखे बारीक दाते. ते कातडी सपाट करून धरतात आणि पात्याला नको तितके आत शिरू देत नाहीत. पात्यामागची जागा मोकळी, म्हणजे केस आणि फेस अडकून न राहता पाण्यात सहज सुटून यावेत. मुठीवर ओल्या हातातून निसटू नये म्हणून उंचवटे. आणि मुठीच्या टोकाशी एक भोक. हे भोक कशासाठी, असा विचार करीत असता आमची दृष्टी आमच्याच भिंतीवरील खिळ्याकडे गेली. ज्या घरात बेसिन नाही, आरशाखाली फळी नाही, त्या घरात वस्तरा राहतो कोठे? खिळ्यावर. ज्या कोणी हे भोक पाडले, त्याने असे घर पाहिले असले पाहिजे, असे मनात आले. आणि पुढे चौकशी केली तेव्हा ते खरे निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाढी केली. जड रेझराची रीत अशी, की त्याचे वजनच काम करते; हाताने केवळ दिशा दाखवावयाची. हलक्या वस्तऱ्याला स्वतःचे वजन नाही, म्हणून हाताला वाटते की आपण जोर लावावा. नेमका तोच लावावयाचा नाही. कोमट पाण्याने केस मऊ केले, फेस चांगला मुरू दिला, मोकळ्या हाताने कातडी किंचित ताणून धरली आणि केसांच्या कलाने आखूड हात फिरवीत गेले, की काम बिनबोभाट होते. हनुवटीखाली आणि जबड्याच्या वळणावर त्याचे डोके आपोआप कलते, हे विशेष. पितळी रेझराने होत असे तितकी गुळगुळीत दाढी पहिल्या हातात झाली नाही. दुसऱ्यांदा फेस लावावा लागला. परंतु चेहऱ्यावर एकही ओरखडा नव्हता, आणि पाणी एका वाटीपलीकडे लागले नाही. दोन, तीन, पाच पात्यांच्या महाग वस्तऱ्यांचे कौतुक आपण जाहिरातींत पाहतो. त्यांतील पुढचे पाते केस किंचित ओढते आणि मागचे तो कातडीच्या खाली कापते. दाढी गुळगुळीत होते खरी, पण कुरळ्या, राठ केसांच्या माणसाला तोच केस पुढे कातडीत वळून फोडाचा त्रास होतो. एकपाती वस्तरा केस कातडीच्या पातळीवर कापून थांबतो. थांबावे कोठे हे कळणे, हाही एक गुण आहे.

आता थोडे इतिहासाकडे वळू. ‘वस्तरा’ हा शब्द आपल्याकडे फारशीतील ‘उस्तुरा’ या शब्दावरून आला. माळव्यात अजूनही ‘उस्तरा’च म्हणतात. ‘हजामत’ हा शब्द अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून दूषित रक्त काढणे. पूर्वी ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असत. म्हणूनच आपण रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो असे म्हणतो, दाढी करतो असे म्हणत नाही. बायबलच्या वाचकांस योसेफाची गोष्ट ठाऊक आहेच. तुरुंगातून काढून फारोपुढे नेण्याआधी त्याची दाढी करण्यात आली. उलटपक्षी शमशोनाचे बळ गेले तेही वस्तऱ्यानेच. आम्हां कॅथॉलिक धर्मगुरूंच्या वाटेवरील पहिले पाऊलही पूर्वी केस कापण्याच्या विधीने पडत असे; १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी तो विधी बंद केला.

उघडा वस्तरा हे शिकलेल्या हाताचे हत्यार. सामान्य माणसाने स्वतःच्या गळ्यावर ते फिरवावे, ही जोखमीचीच गोष्ट. अठराव्या शतकात पॅरिस येथील झां-झाक पेरे या कारागिराने पात्याला लाकडी आड बसवून पाहिली. सुताराच्या रंध्यावरून ही युक्ती त्याला सुचली, असे सांगतात. १८८० साली न्यू यॉर्कच्या कँफे बंधूंनी ‘स्टार’ नावाच्या सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट घेतले. त्याचे पाते जाड आणि एकधारी होते. ते वरचेवर चामड्याच्या पट्ट्यावर परजावे लागे. पुढे किंग कॅम्प जिलेट याने पातळ, दुधारी आणि बोथट होताच टाकून द्यावयाचे पाते काढले. १९०३ साली त्याचे अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. १९०४ साली त्याला पेटंट मिळाले. आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या सामानात हा वस्तरा गेल्यावर तो जगभर झाला. तेव्हा एकधारी पाते ही आजची नवलाई नव्हे. दुधारीच्या आधी ते होते, आणि शंभरांहून अधिक वर्षांनी नवे रूप घेऊन ते आमच्या बागलीच्या बाजारात दोरीला टांगलेले दिसले.

या नव्या रूपाची कथा आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटली. २००२ च्या सुमारास याच कंपनीने भारतासाठी म्हणून एक वस्तरा तयार केला होता. भारतीयांचे केस राठ, म्हणून त्यात अडकलेले केस ढकलून काढण्यासाठी एक पट्टी बसविली. त्याची परीक्षा घेतली ती अमेरिकेतील विख्यात एमआयटी संस्थेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून. विद्यार्थ्यांनी पसंती दिली. वस्तरा भारतात आला, आणि लोकांना तो आवडला नाही. कारण काय? ते विद्यार्थी भारतीय खरे, परंतु त्यांच्या खोलीत नळ होता. वाहत्या धारेखाली धरले की केस निघून जात. आपल्याकडे माणूस जमिनीवर बसतो, एका हातात लहानसा आरसा धरतो, पुढ्यात पेला किंवा वाटीभर पाणी. त्या पाण्यात बुडवून केस निघेनात. एवढी मोठी कंपनी, एवढे विद्वान अभियंते, आणि ठेच लागली ती एका वाटीला.

पुढे २००५ साली ही कंपनी प्रॉक्टर अँड गँबलकडे गेली. यावेळी तिची माणसे भारतात आली आणि घरोघरी जाऊन बसली. हजारांहून अधिक माणसांसोबत तीन हजार तास घालविले, असे कंपनी सांगते. पहाटेच्या अंधुक उजेडात, वीज नसलेल्या झोपडीत, मांडी घालून दाढी करणारा माणूस त्यांनी पाहिला. त्यांना आढळले की या माणसाला गुळगुळीतपणाची फारशी मातब्बरी नाही; कापू नये आणि परवडावे, एवढीच त्याची अपेक्षा. मग त्यांनी एकच पाते ठेवले, मागची जागा मोकळी केली, मूठ हलकी केली. त्यांच्याच महाग वस्तऱ्यात जेथे पंचवीस भाग होते तेथे याचे काम चार भागांत भागविले. २०१० साली हा वस्तरा १५ रुपयांस आणि त्याचे सुटे पाते ५ रुपयांस विक्रीस आले. काही वर्षांतच भारतात विकल्या जाणाऱ्या दर तीन वस्तऱ्यांत दोन हेच असत.

हे सर्व त्यांनी नफ्यासाठी केले, धर्मादाय म्हणून नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही मनात येते, की ज्याचे भले करावयाचे त्याच्या अंगणात जाऊन बसावे लागते, ही गोष्ट व्यापाऱ्याला तीन हजार तास घालवून कळली. ती सेवेचा वसा घेतलेल्या आम्हां मंडळींना किती तासांत कळते? आम्ही सभा घेतो, योजना आखतो, पत्रके छापतो. त्या माणसाच्या पुढ्यातील वाटीत पाणी किती आहे, हे पाहावयाचे मात्र राहून जाते.

आणि पाण्याची गोष्ट आमच्या जिल्ह्याला तर फार झोंबणारी. काळीसिंध नदी आमच्या बागली तालुक्यातील डोंगरातच उगम पावते. माळव्याची काळी माती पूर्वी पाण्यासाठी नावाजलेली. पण कूपनलिकांनी जमिनीचे पोट कोरडे केले आणि १९९० साली देवास शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले. पुढे २००६ पासून शेतकऱ्यांनी आपल्याच शेतात तळी खोदली; अशी हजारो तळी या जिल्ह्यात झाली आणि पुष्कळ गावांचे दिवस पालटले. तरीही उन्हाळ्यात हंडा घेऊन चालणारी माउली आम्हांस आजही वाटेत भेटते. तिने डोक्यावरून आणलेल्या पाण्यातून घरधन्याने दाढीला एकच वाटी घ्यावी, ही काटकसर वस्तऱ्याच्या सद्‌गुणात धरावयास हरकत नाही. हा विषय केवळ पुरुषांपुरता नाही असे आम्ही म्हटले, त्याचे एक कारण हे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पितळी रेझर तीन पिढ्या टिकतो आणि त्याचे पाते कोणत्याही दुकानी, कोणत्याही कारखान्याचे चालते. या वस्तऱ्याला मात्र त्याच घराण्याचे पाते लागते. वस्तरा स्वस्त, पण गिऱ्हाईक बांधले गेले. शिवाय प्लास्टिक. बोथट पाते ना परजता येते, ना मोडीत विकता येते; पात्याबरोबर त्याचे प्लास्टिकचे कोंदणही उकिरड्यावर जाते, आणि तेथे अनवाणी पाय असतात, चरणारी गुरे असतात.

शिवाय गावचा न्हावी. घरच्या घरी दाढी होऊ लागली, की त्याची मिळकत घटणारच. त्याच्या ओसरीवर साऱ्या गावाची सुखदुःखे बोलली जात, आणि तो ती ऐकून पोटात ठेवी. याच व्यवसायातून संत सेना न्हावी झाले. त्यांचे नाव परंपरेने मध्य प्रदेशातील बांधवगडाशीच जोडलेले आहे, आणि त्यांनी आपल्या धंद्याच्या हत्यारांतच भक्तीचे रूपक पाहिले. १८९० साली महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईचे न्हावी एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही असे त्यांनी ठरविले. स्वतःची मजुरी बुडवून परक्या भगिनींची अब्रू राखणारी ही माणसे. म्हणून आमचे म्हणणे असे, की रोजची दाढी घरी करा, पण केस कापावयास गावच्या न्हाव्याकडेच जा. तो आजकाल दुधारी पात्याचा अर्धा तुकडा मोडून वस्तऱ्यात घालतो. तो तुकडा आपल्यासमोर नवा घातला ना, एवढे मात्र पाहा. एकाचे रक्त लागलेले पाते दुसऱ्याच्या कातडीला लागले, तर काविळीचे काही प्रकार आणि क्वचित एड्ससारखा रोगही पसरू शकतो.

आता ज्या प्रसंगाने हा वस्तरा आमच्या मनात कायमचा बसला, तो सांगतो. बागलीतच एक सेवानिवृत्त मराठी मास्तर राहतात. ते आमच्या धर्मग्रामातले नव्हेत, परंतु मराठी बोलावयास आम्ही त्यांच्याकडे जातो. पन्नास वर्षे त्यांनी रोज सकाळी स्वतःच्या हाताने दाढी केली. गेल्या वर्षी अर्धांगवायूने उजवा हात गेला. घरी येणारा म्हातारा न्हावी मुलाकडे इंदूरला राहावयास गेला. मास्तरांची दाढी वाढली. कोणी भेटावयास आले की ते उपरणे तोंडाशी धरीत. पत्नी म्हणे, “माझा हात कापतो, मी कसा वस्तरा धरू?” पुण्याचा मुलगा पंधरा दिवसांच्या रजेवर आला होता, परंतु घराच्या एका व्यवहारावरून दोन वर्षे बापलेकांत बोलणे नव्हते. मुलगा औषधे आणी, उशी सारखी करी, आणि गप्प राही.

आम्ही एक कोरा हलका वस्तरा घेऊन गेलो. मुलगा म्हणाला, “फादर, तुम्हीच करा ना.” आम्ही म्हणालो, “आम्ही वाटी धरतो. दाढी तू कर.” तो बराच वेळ फेस लावीत बसला, त्याला हात घालावयाचा धीर होईना. शेवटी त्याने वडिलांच्या गालाची सैल कातडी दोन बोटांनी ताणली आणि पहिला हात फिरवला. मग विचारले, “अण्णा, लागतंय का?” दोन वर्षांनंतरचे ते पहिले शब्द. मास्तरांची जीभ जड झालेली. तरी ते सावकाश बोलले, “दाब नको देऊस. हलक्या हातानं.” एक गाल झाला. वाटीत पाते खळबळले. पांढरे केस पाण्यावर तरंगू लागले. तोच मास्तरांनी कोणी न सांगता मान वळवली आणि दुसरा गाल पुढे केला. डोंगरावरील प्रवचनातील दुसऱ्या गालावर आम्ही आजवर पुष्कळ प्रवचने दिली आहेत. त्या सकाळी मात्र वाटी धरून गप्प उभे राहिलो.

घराचा व्यवहार त्याने मिटला, असे नाही. तो अजून तसाच आहे. परंतु रजा संपेपर्यंत रोज सकाळी मुलाने वडिलांची दाढी केली, आणि जाताना आईला शिकवून गेला. आता त्या माउलीचा हात कापत नाही. या वस्तऱ्याच्या दात्यांनी तिचे भय घालविले. आमच्या वडिलांचा जड रेझर हे करू शकला नसता, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी कोणी वृद्ध, आजारी अंथरुणाला खिळला असेल आणि त्याचा चेहरा आठ-आठ दिवस तसाच राहत असेल, तर एवढे करून पाहा. प्रत्येकाचा वस्तरा निराळा ठेवा. बापाचा मुलास आणि भावाचा भावास देऊ नका. आधी कोमट पाण्याची घडी गालावर ठेवा. कातडी ताणून धरा, जोर लावू नका. काम झाल्यावर पाते पाण्यात खळबळून झटका आणि खिळ्यावर वाळत टांगा. कापडाने पुसू नका, धार जाते. बोथट झालेली पाती उकिरड्यावर न टाकता झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवा.

आणि हलक्या वस्तूला नाक मुरडण्यापूर्वी क्षणभर थांबा. प्रभूने आपल्या ओझ्याचे वर्णन केले, तेव्हा त्यानेही हाच शब्द निवडला होता.